दर साली एक दशांश : अफूबंदी आणि तिच्यामागून आलेली मादके

इसवी सन १९०७ मध्ये ब्रिटिश सरकार व चीनचे बादशाही सरकार यांच्यात अफूच्या व्यापाराविषयी जो करार ठरला, त्याचा गाभा एका साध्या अंकगणितात होता. १९०१ ते १९०५ या पाच वर्षांत हिंदुस्थानातून दर साली सरासरीने ६७,००० पेट्या अफू परदेशी जात असे, व त्यांपैकी ५१,००० पेट्या चीनच्या वाट्याच्या मानण्यात आल्या. या ५१,००० चा एक दशांश, म्हणजे ५,१०० पेट्या, १ जानेवारी १९०८ पासून दर साली कमी करीत जावयाच्या व दहा वर्षांनी हा व्यापार शून्यावर आणावयाचा, असे ते सूत्र होते. पुढे १९४९ साली दिल्लीस भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेने देशातील औषधेतर अफूच्या बाबतीत हेच सूत्र स्वीकारले. दर साली दहा टक्के कपात करावयाची आणि ३१ मार्च १९५९ रोजी शून्य गाठावयाचे, असे तिने ठरविले. दोन्ही वेळा शून्य गाठले गेले. मात्र ते सरकारी अफूच्या हिशेबातले शून्य होते. ज्या तलफेपायी अफू घेतली जात होती ती तलफ पुढे कोणत्या वाटेने गेली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुरवठ्याची एक वाट अडविली असता माल दुसरी वाट शोधतो, हा अनुभव मुंबई इलाख्याला फार पूर्वीच आलेला होता. बंगालमध्ये कंपनी सरकारचा अफूचा मक्ता होता. पाटणा व बनारस येथील एजन्सींच्या मार्फत चीक विकत घेऊन त्याच्या पेट्या कलकत्त्यास लिलावाने विकल्या जात. माळव्यातील अफू मात्र संस्थानी मुलखात पिकत असल्यामुळे कंपनीच्या मुठीत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कंपनीने माळवा व राजपुतान्यातील संस्थानांशी करारमदार करून ती आपल्याकडे वळविण्याचा यत्न केला. शिंदे सरकारने असा करार केला नाही आणि ज्यांनी केला त्यांच्या मुलखातूनही माल गुपचूप बाहेर पडतच राहिला. तो कंपनीच्या हद्दी चुकवून वाळवंटातून कराचीस व तेथून पोर्तुगीजांच्या दमण बंदरात जाई, आणि दमणहून चीनकडे रवाना होई. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने मक्त्याचा नाद सोडला व मुंबईहून जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर १७५ रुपये परवाना-जकात घेऊन वाट मोकळी केली. १८४३ मध्ये सिंध प्रांत इंग्रजांच्या ताब्यात येऊन कराचीची वाट बंद झाली, तेव्हा ही जकात वाढत गेली. १८४७ पर्यंत ती पेटीमागे ४०० रुपयांवर पोहोचली. मुंबईच्या कित्येक व्यापारी घराण्यांच्या वैभवात या पेट्यांचा वाटा आहे, ही गोष्ट सर्वश्रुतच आहे.

या उत्पन्नाविषयी लाज बाळगणारे लोक हिंदुस्थानातही होते. ना. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०७ सालच्या अर्थसंकल्पावरील आपल्या भाषणात हा पैसा चिनी जनतेच्या अधःपातातून येतो हे स्पष्टपणे मांडले, त्याबद्दल मानहानी वाटते असे सांगितले व तो बंद होण्याची चिन्हे दिसू लागल्याबद्दल समाधान व्यक्त केले. सरकारचा खजिना बुडेल या भीतीने त्या काळी अनेक देशी वृत्तपत्रे व पुढारी अफूबंदीविषयी साशंक होते, हे लक्षात घेतले म्हणजे गोखल्यांच्या या भूमिकेचे महत्त्व कळते.

चीनच्या बाजूने या मोहिमेचा आरंभ २० सप्टेंबर १९०६ च्या बादशाही फर्मानाने झाला. दहा वर्षांत अफूची लागवड व धूम्रपान दोन्ही नाहीशी करावयाची, असा त्या फर्मानाचा आशय होता. ही मोहीम केवळ कागदी होती असा एक समज पुष्कळ दिवस प्रचलित होता. तो खरा नाही. पहिल्या चारपाच वर्षांत अनेक प्रांतांतून खसखशीची शेते खरोखरच नाहीशी झाली, अफूचे अड्डे बंद पडले व परकीय निरीक्षकांनाही ते मान्य करावे लागले. चीनने आपली प्रतिज्ञा पाळल्याचे दिसून आल्यामुळेच ८ मे १९११ रोजी दुसरा करार होऊन हिंदुस्थानी अफूची मुदत आणखी आखूड करण्यात आली व तिच्यावरील आयातकर पिकुलमागे ११० वरून ३५० तेलांवर नेण्यात आला. त्याच वर्षी पाटण्याचा अफूचा कारखाना बंद झाला. १९१३ मध्ये तर चीनसाठी होणारी अफूची विक्री हिंदुस्थान सरकारने मुदतीच्या आधीच थांबविली.

परंतु या यशाच्या पोटात एक विसंगती होती. पेट्या कमी होत जाणार हे आगाऊ जाहीर झालेले होते, आणि गिऱ्हाईक व्यसनी असल्यामुळे भाव चढला म्हणून मागणी त्या मानाने घटणार नव्हती. शांघाय व हाँगकाँग येथील व्यापाऱ्यांनी माल दाबून ठेवला. कलकत्त्याच्या लिलावातील भाव तीन वर्षांत दुपटीहून अधिक झाला. परिणामी, निर्यात घटत असताना १९१०–११ साली सरकारला अफूपासून अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक उत्पन्न मिळाले. पापाचा पैसा सोडण्याच्या काळातच तो सर्वांत जास्त हाती यावा, हा योगायोग नव्हता. घटत्या पुरवठ्याचा तो सरळ परिणाम होता. सरकार व व्यापारी यांना जे या भाववाढीतून मिळाले ते गरीब चिनी हमालाच्या व रिक्षावाल्याच्या खिशातून गेले, आणि तो स्वस्त पर्याय शोधू लागला.

तो पर्याय फार दूर नव्हता. कच्च्या अफूमध्ये मॉर्फीनचा अंश साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे अफूचा अंमल देणारे द्रव्य वेगळे काढले की त्याचे वजन एक दशांशावर येते. शिवाय त्याला अफूचा उग्र वास नसतो. चीनमध्ये मॉर्फीन प्रथम आले ते औषध म्हणून. मिशनरी डॉक्टरांनी व औषधविक्रेत्यांनी अफू सोडविण्यासाठी त्याच्या गोळ्या दिल्या आणि लोक त्यांना 'येशूची अफू' म्हणू लागले. या नावात थट्टा होती, पण अचूकपणाही होता. अफूबंदीची मोहीम सुरू होताच अफू सोडविणाऱ्या गोळ्यांचा बाजार भरभराटीस आला. त्यांतील पुष्कळ गोळ्यांत अफू किंवा मॉर्फीन हेच मुख्य द्रव्य असे. अड्ड्यात जाऊन नळी ओढणारा मनुष्य घरी बसून गोळी गिळू लागला किंवा चार पैशांत सुई टोचून घेऊ लागला. मॉर्फीनवर जबर आयातकर बसताच जकातखात्याच्या दप्तरातील मॉर्फीनचे आकडे कोसळले. पण माल येतच होता, फक्त तो दप्तरात येत नव्हता. १ जानेवारी १९०९ पासून चीनमध्ये मॉर्फीनच्या आयातीस बंदी झाली, तरी एडिंबरो व लंडन येथील कारखान्यांत तयार झालेले मॉर्फीन जपानमार्गे मांचुरियात व उत्तर चीनमध्ये पोहोचत राहिले.

या धोक्याची जाणीव त्या काळच्या लोकांना मुळीच नव्हती असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी १९०९ मध्ये बिशप ब्रेंट यांच्या अध्यक्षतेखाली शांघाय येथे तेरा राष्ट्रांचा अफू आयोग भरला. मॉर्फीनच्या अनिर्बंध उत्पादन-विक्रीने गंभीर संकट उभे राहिले असून त्याचे व्यसन पसरत आहे, असा ठरावच त्याने केला. २३ जानेवारी १९१२ च्या हेग करारात मॉर्फीन, कोकेन व हेरॉइन यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आले. परंतु कराराची कलमे अमलात यावयास महायुद्ध संपावे लागले. अफूची पेटी मोजण्याची यंत्रणा शंभर वर्षांची मुरलेली होती. मॉर्फीनचा औंस मोजण्याची यंत्रणा मात्र अस्तित्वातच नव्हती. दरम्यान चीनमध्ये मध्यवर्ती सत्ता ढासळली, प्रांतोप्रांतीच्या लष्करी सरदारांना पैशाची गरज पडली आणि खसखशीची शेते पुन्हा फुलली. अशा रीतीने १९२० नंतरच्या चीनमध्ये देशी अफूही होती व मॉर्फीन-हेरॉइनही होते. हिंदुस्थानी अफू तेवढी नव्हती.

हाँगकाँगचा इतिहास याहून अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे बंदी एकाच तारखेस व एकाच सत्तेखाली झाली. या वसाहतीत प्रथम अफूचा मक्ता दिला जाई. १९१४ पासून सरकारने तो स्वतःकडे घेतला. १९१८ च्या सुमारास वसाहतीच्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग अफूचा होता. पुढे आंतरराष्ट्रीय दडपणामुळे सरकारी अफूचा भाव चढा ठेवण्यात आला. त्याचा परिणाम असा की गरिबाने सरकारी दुकान सोडून चोरट्या मालाची कास धरली आणि १९३० नंतर हेरॉइनच्या गोळ्या तेथे दिसू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात, १० नोव्हेंबर १९४३ रोजी, पूर्वेकडील वसाहतींत अफूचे सरकारी मक्ते पुन्हा सुरू केले जाणार नाहीत असे ब्रिटनने जाहीर केले. जपानी सैन्याची शरणागती झाल्यावर हाँगकाँगच्या लष्करी प्रशासनाने २० सप्टेंबर १९४५ च्या घोषणेने अफूवर संपूर्ण बंदी घातली. ज्यांना दररोज अफू लागत होती अशा हजारो लोकांसाठी त्या दिवशी दवाखान्याची एक खाटही राखून ठेवलेली नव्हती.

अफू ओढणे हे सावकाशीचे काम आहे. त्याला दिवा लागतो, नळी लागते, आडवे व्हावयास बाक लागतो आणि एक-दोन घटकांचा निवांतपणा लागतो. तिचा वास गल्लीत पसरतो. पोलिसाला नाकाचाच पुरावा पुरे. हेरॉइनला यांतले काहीच लागत नाही. हाँगकाँगच्या दाट वस्तीत त्याचे तीन प्रकार रूढ झाले. वर्ख तापवून त्यावरील भुकटीचा धूर नळीने ओढला तर तो 'ड्रॅगनचा पाठलाग'. नळीऐवजी काड्यापेटीचे रिकामे कवच तोंडाला लावले तर तो 'तोंडाचा बाजा'. आणि सिगारेटच्या टोकाला भुकटी लावून ती वर तोंड करून ओढली तर ती 'विमानवेधी तोफ'. पाच मिनिटांत काम आटोपते आणि खिशात सापडावयास काही उरत नाही. १९५९ साली हाँगकाँग सरकारने या प्रश्नावर श्वेतपत्रिका काढली, तोपर्यंत तुरुंगात येणाऱ्या व्यसनींत अफूवाल्यांच्या मानाने हेरॉइनवाल्यांची संख्या कितीतरी अधिक झालेली होती.

या सर्वांचे खापर एकट्या १९४५ च्या घोषणेवर फोडणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. हेरॉइनच्या गोळ्या बंदीपूर्वीच आलेल्या होत्या, हे वर सांगितलेच आहे. १९४९ च्या क्रांतीनंतर शांघायमधील टोळ्या व हेरॉइन गाळण्याची विद्या जाणणारे लोक हाँगकाँगला आले, हेही तितकेच खरे आहे. बंदीने हेरॉइन निर्माण केले नाही. अफूपेक्षा हेरॉइन बाळगणे, विकणे व घेणे अधिक सोयीचे होईल अशी परिस्थिती मात्र तिने निर्माण केली. चोरट्या व्यापारात मालाची पसंती त्याच्या गुणावर ठरत नाही. तो किती लहान जागेत लपविता येतो यावर ठरते.

हाच क्रम शेजारच्या देशांतही दिसतो. थायलंडमध्ये मार्शल सरित यांच्या राजवटीने १ जुलै १९५९ पासून अफू ओढणे बेकायदा ठरविले व बँकॉकच्या सनाम लुआंग मैदानावर नळ्यांची होळी केली. लाओसमध्ये बंदीचा कायदा १९७१ मध्ये झाला. अमेरिकन मानसवैद्य जोसेफ वेस्टरमायर यांनी १९७६ साली हाँगकाँग, थायलंड व लाओस या तिन्ही ठिकाणांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध करून असे दाखविले की, अफूविरोधी कायद्यामागून तिन्हीकडे हेरॉइनचे व्यसन वाढले, आणि ते अफूच्या परंपरागत वृद्ध गिऱ्हाइकांपुरते न राहता शहरी तरुणांत शिरले. इराणने १९५५ मध्ये लागवड व सेवन दोन्ही बंद केली. तेथेही हेरॉइन आले, आणि १९६९ मध्ये त्या सरकारला वृद्ध व आजारी व्यसनींची नोंद करून त्यांना अफू देण्याची सोय पुन्हा करावी लागली.

हाँगकाँगने पुढे जे केले त्याची नोंद येथे घेणे अवश्य आहे. १९७२ मध्ये तेथे मेथाडोनचा प्रयोग सुरू झाला. मेथाडोन हेही अफूच्याच जातीचे, पण कृत्रिम व तोंडाने घ्यावयाचे औषध. एका मात्रेवर दिवस निघतो. १९७६ च्या सुमारास त्याचे दवाखाने शहरभर उघडण्यात आले व एका मात्रेचे शुल्क अवघा एक हाँगकाँग डॉलर ठेवण्यात आले. रस्त्यावरची पुडी त्याच्याशी भावात टिकू शकत नव्हती. व्यसन यामुळे संपले नाही. परंतु पुढे सुईमार्गे एच. आय. व्ही.चा प्रसार आशियातील अनेक शहरांत वणव्यासारखा झाला, त्यावेळी हाँगकाँगच्या व्यसनींत त्याचे प्रमाण अत्यल्प राहिले. बंदी कायमच होती. बदल एवढाच झाला होता की तिच्याबरोबर व्यसनी माणसाला जावयास एक दार मिळाले होते.

आता भारताकडे वळावयाचे. येथील अफू मुख्यत्वे खाण्याची. राजपुतान्यात व काठेवाडात पाहुण्याला कसुंबा देण्याची रीत होती. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला बाळगोळी देऊन निजवून जात, आणि त्या बाळगोळीत अफू असे. ही गोष्ट १९२० नंतर कामगार स्त्रियांच्या पाहणीतून पुढे आली, तेव्हा मोठी खळबळ उडाली. खरा प्रश्न पाळणाघर व बाळंतपणाची रजा यांचा होता. गोळीवरील टीका मात्र त्यापेक्षा सोपी होती. १९४९ च्या परिषदेने ठरविलेली कपात शिस्तीने पार पडली. १ एप्रिल १९५९ पासून अफू फक्त औषधासाठी, तसेच वैद्यकीय तपासणीने नोंदलेल्या व्यसनींसाठी उरली. ही नोंदवही म्हणजे या धोरणातील सर्वांत शहाणपणाचा भाग होय. जुन्या अफूबाजाला मोजून मात्रा मिळत राहिली आणि त्याच्या मृत्यूबरोबर नोंद मिटत गेली. म्हणूनच १९५९ नंतरच्या दोन दशकांत भारतात हाँगकाँगसारखा प्रकार घडला नाही, असे अनुमान काढता येते.

तो घडला १९८० नंतर, आणि त्याची कारणे केवळ देशांतर्गत नव्हती. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, पाकिस्तानात अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा आला व अफगाणिस्तानात युद्ध पेटले. त्या प्रदेशातील माल भारतमार्गे वाहू लागला व मुंबई-दिल्लीच्या वस्त्यांत 'ब्राऊन शुगर' या नावाने हेरॉइन विकले जाऊ लागले. या संकटास उत्तर म्हणून नोव्हेंबर १९८५ मध्ये नवा कठोर कायदा अमलात आला. त्याने खेड्यातील अफू व शहरातील हेरॉइन यांच्या शिक्षेत भेद ठेवला नाही. दोहोंना किमान दहा वर्षांचा कारावास होता. मालाच्या प्रमाणानुसार शिक्षेची प्रतवारी २००१ च्या दुरुस्तीने आली. शिक्षा सारखीच असेल तर विकणारा जड, वासाचा व स्वस्त माल कशाला बाळगील?

पुढील टप्प्यात तर मादकाची जागा औषधांच्या दुकानानेच घेतली. १९९० नंतर शहरांत हेरॉइन महागले, तेव्हा अनेकांनी ब्युप्रेनॉर्फीनची इंजेक्शने इतर औषधांत मिसळून घेण्यास आरंभ केला. ईशान्येकडील राज्यांत डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीनच्या कॅप्सुला फोडून त्यांची पूड पाण्यात कालवून शिरेत टोचली जाई. ती विरघळत नसल्याने गळवे होत व हातपाय सडत. २०१३ मध्ये त्या औषधावर बंदी आली. मग ट्रॅमाडॉलचा बोलबाला झाला, व एप्रिल २०१८ मध्ये तेही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. दरम्यान ३१ मार्च २०१५ नंतर राजस्थानातील खसखशीच्या बोंडांच्या भुशाची परवानाधारक दुकाने बंद करण्यात आली. तेथला व पंजाबातला ट्रकचालक व शेतमजूर पिढ्यान्‌पिढ्या हा भुसा चहासारखा उकळून पीत आला होता. २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातील लोकांत हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, औषधी गोळ्या-इंजेक्शने घेणारे ०.९६ टक्के व अफू अथवा तिचा भुसा घेणारे ०.५२ टक्के आढळले. आधीच्या पाहणीत या वर्गात अफूच अग्रभागी होती.

या धोरणाची झळ आणखी एका वर्गाला लागली, आणि तिचा उल्लेख अशा चर्चेत क्वचितच होतो. १९८५ च्या कायद्याखाली प्रत्येक राज्यात निरनिराळे परवाने लागू लागले. ते मिळविण्याचा खटाटोप व शिक्षेचे भय यांमुळे रुग्णालयांनी व औषधविक्रेत्यांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. १९९७ मध्ये सबंध भारतात औषध म्हणून अवघे १८ किलोग्रॅम मॉर्फीन वापरले गेले. १९८५ पूर्वीच्या मानाने ही घट सत्त्याण्णव टक्क्यांच्या घरातली. त्याच काळात हा देश जगातील औषधकारखान्यांना कायदेशीर अफू पुरवीत होता. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील रुग्ण गावच्या खाटेवर विव्हळत पडला होता, आणि त्याच्या तालुक्याशेजारीच त्याचे औषध शेतात उभे होते. परवान्यांचा हा गुंता सोडविणारी दुरुस्ती संसदेने २०१४ साली संमत केली. माळव्यात मंदसौर व नीमच या भागांत खसखशीची लागवड परवान्याने अद्याप होते. दर वसंतात बोंडांना चिरे पाडून चीक गोळा करतात. मुंबईच्या बंदराकडे ज्या मुलखातून एके काळी पेट्या निघत, तेथला हा चीक आता नीमच येथील सरकारी कारखान्यात जमा होतो.